काळ्या मातीच्या सपाटीवर .३०-०६ : एका परवानाधारक शेतकऱ्याचा अभिप्राय

आमच्या घरात गेली चाळीस वर्षे .३१५ बोअरची (बोअर म्हणजे नळीचा आतला व्यास, इंचांत) रायफल आहे. ती बाबांच्या परवान्यावर होती आणि त्यांच्या पश्चात माझ्या परवान्यावर आली. माझ्या चुलत भावाने, म्हणजे दादाने, मागच्या वर्षी .३०-०६ बोअरची रायफल घेतली, आणि त्यामुळे आमच्या पंचक्रोशीत आजवर कोणी न वापरलेले हे काडतूस पहिल्यांदाच पाहण्याची, हाताळण्याची आणि आमच्या जुन्या काडतुसाशेजारी ठेवून तोलण्याची संधी मिळाली. यवतमाळ जिल्ह्यात दारव्हा तालुक्यात आमची कोरडवाहू शेती आहे. कपाशी, तूर, सोयाबीन आणि पाणी पुरले तर हरभरा, अशी पिके. रानडुकरे आणि रोही, म्हणजे नीलगाई, यांच्यामुळे त्यांतले किती घरी येईल हे पेरताना कोणीच सांगू शकत नाही. हा अभिप्राय अशाच वावरांत राहणाऱ्या आणि रीतसर परवाना असणाऱ्या लोकांसाठी लिहीत आहे, कारण गेल्या काही महिन्यांत चार-पाच जणांनी मला एकच प्रश्न विचारला आहे : .३१५ मोडून .३०-०६ घ्यावी का?

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली आता आपल्या देशात हौसेची शिकार उरलेली नाही, आणि ती उरू नये असेच माझे मत आहे. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या रानडुकराला किंवा रोह्याला मारण्याची लेखी परवानगी त्याच कायद्याच्या कलम ११ खाली मिळू शकते. महाराष्ट्रात २०१५ पासून त्यासाठी शेतकऱ्याला वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. मारलेले जनावर कलम ३९ प्रमाणे शासनाची मालमत्ता असते. त्याचा पंचनामा होतो, विल्हेवाट लावली जाते, घरी काहीही आणता येत नाही. म्हणून येथे काडतुसाचे मोजमाप शिंगांवरून किंवा मांसावरून करायचे नाही. जनावर हाल न होता जागेवर पडले का, आणि गोळी कोणाच्याही अंगावर न जाता मातीत थांबली का, हे दोनच प्रश्न आहेत.

आता काडतुसांकडे वळतो. .३१५ हे मुळात ऑस्ट्रियाच्या ८ × ५० मिलिमीटर मानलिखर या एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या लष्करी काडतुसावर बेतलेले आहे. इंग्रजांच्या काळात .३०३ हे लष्करी बोअर असल्यामुळे सामान्य माणसाला मना होते, आजही ते प्रतिबंधित बोअर आहे, आणि त्या मनाईतूनच .३१५ आपल्याकडे रुजले. त्याची गोळी २४४ ग्रेनची, म्हणजे १५.८ ग्रॅमची, बोथट नाकाची आणि टोकाला शिसे उघडे असलेली असते. नळीतून ती सेकंदाला सुमारे ६२० मीटर वेगाने सुटते आणि तिची ऊर्जा ३,००० ज्यूलच्या किंचित वर जाते. .३०-०६ हे अमेरिकेच्या सैन्याने १९०६ साली स्वीकारलेले काडतूस असून नावातला ‘०६’ हा त्या सालाचा आहे. दादाने घेतलेली १८० ग्रेनची, म्हणजे ११.७ ग्रॅमची मऊ टोकाची गोळी सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास सुटते आणि तिची ऊर्जा ३,९०० ज्यूलच्या पुढे असते. हलकी गोळी, जास्त वेग, जास्त ऊर्जा आणि सरळ मार्ग. कागदावर पाहिले तर तुलना इथेच संपते, आणि दुकानदार ती इथेच संपवतात.

परवानगी असलेल्या रेंजवर आम्ही दोघांनी प्रत्येकी दहा-दहा काडतुसे झाडून पाहिली. माझ्या रायफलीला साधी माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेम धरायची खूण, आहे आणि दादाच्या रायफलीवर चौपट मोठे दाखवणारी दुर्बीण आहे, त्यामुळे ही तुलना काडतुसांची कमी आणि डोळ्यांची जास्त झाली हे मान्य करतो. पन्नास मीटरवर माझ्या पाच गोळ्या तळहाताएवढ्या जागेत पडल्या. शंभर मीटरवर दादाच्या पाच गोळ्या पेल्याच्या तोंडात मावतील इतक्या जवळ पडल्या. दोन्ही रायफली शंभर मीटरवर जुळवल्या तर दोनशे मीटरवर .३०-०६ची गोळी हिशेबाने १२-१३ सेंटिमीटर खाली जाते आणि .३१५ची फूटभर खाली जाते. डोंगराच्या या अंगावरून त्या अंगावर नेम धरणाऱ्या माणसासाठी हा फरक फार मोठा आहे. आमच्याकडे तुरीच्या ओळींमधून डुक्कर दिसते तेव्हा ते तीस ते साठ मीटरवर असते, आणि त्या अंतरावर दोन्ही गोळ्या माशी ठेवली तिथेच लागतात. दोनशे मीटरवरच्या सरळपणाचे पैसे मोजून तो गुण कधीही न वापरणे हा व्यवहार मला पटत नाही.

धक्क्याबद्दल बरेच जण विचारतात. हिशेबात .३०-०६चा धक्का थोडासाच जास्त आहे, पण खांद्याला तो वेगळा जाणवतो. .३१५ ढकलते, .३०-०६ झटका देते. दहा काडतुसांनंतर दादा घोडा दाबताना डोळे मिटू लागला होता आणि त्याची शेवटची गोळी बाकीच्यांपासून चार बोटे लांब गेली. वर्षातून जेमतेम काही गोळ्या झाडणाऱ्या माणसाने याचा विचार करावा, कारण जखमी होऊन पळालेले डुक्कर हा सगळ्यांत वाईट शेवट असतो. जनावराच्या दृष्टीनेही, आणि दुसऱ्या दिवशी त्याच वावरात निंदणाला येणाऱ्या बायकांच्या दृष्टीनेही.

मला जे प्रामुख्याने सांगायचे आहे ते गोळी जनावरातून बाहेर पडल्यानंतरचे आहे. आमचा भाग सपाट आहे. अडाण नदीच्या बाजूला थोडा उतार सोडला तर वावरामागे वावर, मध्ये धुरा, म्हणजे बांध, पांदण, एखादे बाभळीचे झाड आणि त्यापलीकडे कोणाचा तरी कोठा. .३०-०६ची गोळी वर उडाली तर तीन किलोमीटरहून जास्त दूर जाऊ शकते. .३१५ची बोथट गोळी हवेत लवकर वेग गमावते, पण तीही आमचे गाव सहज ओलांडेल. म्हणून गोळी जाते कुठे याचा हिशेब मी वहीत मांडला, आणि तो प्रत्येकाने आपापल्या वावरासाठी मांडावा.

डुक्कर पन्नास मीटरवर आहे आणि गोळी त्याच्या छातीला जमिनीपासून अर्ध्या मीटरवर लागते असे धरू. मी उभा राहून नेम धरला तर नळी दीड मीटरवर असते. पन्नास मीटरमध्ये गोळी एक मीटर खाली उतरते, म्हणजे आरपार गेली तर डुकराच्या मागे आणखी पंचवीस मीटरवर जमिनीला लागते. धुऱ्याआड बसून नेम धरला आणि नळी ऐंशी सेंटिमीटरवर आली तर तीच गोळी ऐंशी मीटरहून पुढे जाऊन जमिनीला लागते, आणि इतक्या आडव्या कोनात लागलेली गोळी मातीत शिरत नाही, उसळते. दहा फुटांच्या मचाणावर बसलो तर नळी साधारण चार मीटरवर येते आणि गोळी डुकराच्या मागे अवघ्या सात मीटरवर जमिनीला लागते. रोह्याची छाती उंच असते, म्हणून त्याच्यासाठी हे सगळे आकडे वाढतात. उभे राहून झाडलेली गोळी त्याच्या मागे पाऊणशे मीटर जाते. हा हिशेब जमीन सपाट धरून आणि गोळी शरीरात वळत नाही असे मानून केला आहे. हाडाला लागलेली गोळी कुठेही वळू शकते, म्हणून हे आकडे किमान समजावेत.

फेब्रुवारीत आम्हाला परवानगी मिळाली तेव्हा दादाने हरभऱ्याच्या वावराच्या कडेला मचाण बांधले. समोरचा तुकडा नुकताच नांगरलेला होता आणि त्यापलीकडे नाल्याची दरड होती. रात्री नेम धरायचा नाही हे आमचे आधीच ठरले होते, कारण रात्री डुक्कर बॅटरीत दिसते, डुकरामागचे काही दिसत नाही. सकाळी फटफटल्यावर एक मोठा नर हरभऱ्यातून निघून नांगरटीच्या कडेला आडवा उभा राहिला, आणि दादाच्या एका गोळीत तो जागेवर बसला. आम्ही खाली उतरलो तेव्हा आमच्याकडे तीस वर्षे जागल करणारे काका आधीच तिथे पोहोचले होते. त्यांनी डुकराकडे पाहिलेही नाही, नांगरटीकडे पाहत विचारले, “भाऊ, डुक्कर पडलं ते दिसते, पन गोयी कुठी गेली?”

आम्ही शोधली. गोळी डुकराच्या दोन्ही बाजूंनी पार झाली होती. पलीकडची जखम लिंबाएवढी होती, आणि आठ पावलांवर एका मोठ्या ढेकळात बोट जाईल एवढे छिद्र होते. ढेकूळ फोडले तेव्हा आत भुगा झालेली माती आणि तांब्याच्या आवरणाची एक वाकलेली चकती मिळाली. शिशाचा गाभा आणखी खाली गेला असावा. तो आम्हाला सापडला नाही. ते वावर नांगरलेले नसते आणि बरडाचे असते तर हे छिद्र तिथे नसते आणि गोळीही तिथे नसती. हा प्रसंग .३०-०६च्या बाजूचा आहे असे मी प्रामाणिकपणे म्हणतो, कारण जनावर एका क्षणात संपले. त्याच वेळी पन्नास मीटरच्या कामासाठी ही ताकद गरजेपेक्षा जास्त आहे हेही त्या ढेकळाने दाखवले.

त्याच परवानगीत दोन दिवसांनी माझ्या .३१५ने दुसरे डुक्कर घेतले. ते चाळीस पावलांवर होते. नराच्या खांद्यावर कातडीखाली चिवट, जाड थर असतो. आमच्याकडे त्याला ढालच म्हणतात. गोळी तिथूनच शिरली. डुक्कर वीस-पंचवीस पावले धावले आणि कोसळले. पंचनाम्याच्या वेळी वनरक्षकांनी पलीकडच्या कातडीखाली उंचवटा चाचपडला आणि चिरून पाहिले तर गोळी तिथेच अडकलेली होती, टोक फुलून छत्रीसारखे उलटलेले. त्यांनी ती पाकिटात घातली. वजनदार आणि संथ गोळीने आपली सारी ऊर्जा जनावराच्या आतच खर्च केली होती. एका गोळीवरून नियम करता येत नाही, पण बाबांच्या वेळेपासूनचा आमचा अनुभव असाच आहे : .३१५ खाऊन डुक्कर क्वचित जागेवर बसते, बहुतेक वेळा थोडे धावते, आणि गोळी पुष्कळदा आतच राहते.

इथे अमेरिकेतल्या एका घडामोडीचा उल्लेख करतो, कारण तिचा आपल्या प्रश्नाशी थेट संबंध आहे. तिकडे ओहायो, आयोवा, मिशिगनचा दक्षिण भाग असे सपाट, दाट वस्तीचे शेतीचे प्रदेश आहेत, जिथे हरणांच्या शिकारीसाठी बाटलीसारख्या मानेची वेगवान रायफल काडतुसे चालत नसत. पुढे सरळ भिंतीच्या, म्हणजे मान नसलेल्या, काडतुसांना परवानगी मिळाली आणि कंपन्यांनी खास त्या नियमात बसणारी काडतुसे काढली. विंचेस्टरचे .३५० लेजंड २०१९ साली आले आणि रेमिंग्टनचे .३६० बकहॅमर २०२३ साली आले. या बकहॅमरची २०० ग्रेनची, म्हणजे १३ ग्रॅमची गोळी सेकंदाला ६७० मीटरने सुटते आणि तिची ऊर्जा २,९०० ज्यूलच्या आसपास असते. हे आकडे वाचून मी माझी वही पुन्हा उघडली. आमच्या .३१५चे आकडे आहेत १५.८ ग्रॅम, ६२० मीटर आणि ३,००० ज्यूलच्या वर. जगातल्या सर्वांत मोठ्या बाजारपेठेने सपाट शेतीसाठी अगदी अलीकडे जे नवे काडतूस घडवले, ते आमच्या बाबांच्या कपाटातल्या काडतुसाच्या शेजारी येऊन उभे राहिले आहे. .३१५ आणि बकहॅमर या दोन्हींचे कवचही तळाशी बाहेर आलेल्या काठाचे, म्हणजे रिमचे आहे. २००७ साली आलेल्या ६.५ क्रीडमूरसारखी लांब पल्ल्याची काडतुसे नवीन म्हणून गाजली आणि त्यांच्या जागी ती उत्तम आहेत, पण त्यांचे गुण आमच्या तुरीच्या ओळीत शिरत नाहीत. यांपैकी कोणतेही काडतूस मी आमच्या जिल्ह्यातल्या दुकानात पाहिलेले नाही, म्हणून त्यांची चर्चा इथेच थांबवतो.

.३१५चे दोष लपवण्याचे कारण नाही. पहिला दोष त्या रिमचाच. मॅगझिन भरताना प्रत्येक वरच्या काडतुसाची रिम खालच्या काडतुसाच्या रिमच्या पुढे बसली पाहिजे. घाईत एक जरी मागे राहिली तर बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत सारणारा दांडा, पुढे ढकलताना दोन रिमा एकमेकींत अडकतात आणि रायफल तिथेच थांबते. बाबा दिव्याच्या उजेडात एकेक काडतूस अंगठ्याने दाबून किंचित मागे ओढून भरत असत, आणि मला ते शिकायला दोन हंगाम लागले. .३०-०६ला ही भानगड नाही. त्याचे कवच तळाशी सपाट, खाचेचे असते, ते कसेही भरा, बोल्ट उचलून घेतो. या एका बाबतीत नवे काडतूस निर्विवाद सरस आहे. दुसरा दोष माशीचा : जुन्या .३१५वर दुर्बीण बसवणे कटकटीचे आहे, आणि पन्नाशी उलटलेल्या डोळ्यांना पहाटेच्या उजेडात माशी पुसट दिसते. दादाची दुर्बीण तेव्हा उजेड पकडते. तीस मीटरच्या आत मात्र दुर्बिणीत नुसते काळे केस दिसतात आणि खांदा कोणता, मांडी कोणती हे समजायला वेळ लागतो.

साठवणीबद्दल थोडे. बाबांच्या कपाटातली काही .३१५ काडतुसे ओलीत राहिली होती. भिंतीला पावसाळ्यात ओल येत असे आणि आम्ही कधी लक्ष दिले नाही. त्यांतली तीन रेंजवर मिस झाली. टोपीवर, म्हणजे काडतुसाच्या तळाशी दारू पेटवणाऱ्या भागावर, खूण नीट उमटली होती, पण आवाज झाला नाही. अशा वेळी नळी समोरच्या बांधाकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबावे, कारण दारू उशिरा पेटण्याचा धोका असतो. दादालाही एका दुकानातून, ज्याचे नाव घेत नाही, .३०-०६चा जुना लॉट नवा म्हणून देण्यात आला होता. पितळेवरचे हिरवे डाग पाहून तो त्याने परत केला. काडतूस कोणतेही असो, दुकानात डबी उघडून पितळ आणि टोपी पाहिल्याशिवाय परवान्यावर नोंद करू देऊ नका. नोंद झाली की ती संख्या तुमच्या हिश्श्यातून वजा होते.

खर्चाचे सांगायचे तर दादाचे काडतूस माझ्या काडतुसापेक्षा महाग पडते, पण खरा खर्च काडतुसाचा नाहीच. बोअर बदलायचे म्हणजे रायफल बदलायची, जिल्हाधिकारी कार्यालयात अर्ज करायचा, पोलिसांचा अहवाल यायचा, जुनी रायफल विकायची किंवा जमा करायची. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच बंदुका ठेवता येतात, त्यामुळे ज्याच्याकडे बारा बोअर, म्हणजे छऱ्यांची बंदूक, आणि .३१५ दोन्ही आहेत त्याला .३०-०६ घेण्यासाठी एक सोडावेच लागेल. ही पायपीट दादाने सात महिने केली.

एवढे पाहिल्यावर माझे मत असे आहे. ज्याच्याकडे चांगल्या नळीची .३१५ आहे आणि ज्याचे काम तुरीत, कपाशीत, साठ मीटरच्या आत आहे, त्याने ती मोडून .३०-०६ घेऊ नये. ज्याच्याकडे रायफल नाहीच, ज्याला रोह्यांचा त्रास मोकळ्या हरभऱ्यात आहे, आणि जो प्रत्येक वेळी मचाण बांधायला तयार आहे, त्याने .३०-०६ घ्यावी; मोठा रोही दोनशे किलोच्या वर जातो आणि शंभर मीटरवर त्याच्यासाठी १८० ग्रेनची गोळी .३१५पेक्षा खात्रीची आहे. .३०-०६ची १५० ग्रेनची गोळी डुकरासाठी मात्र घेऊ नये. ती आणखी वेगवान आहे, आणि जवळच्या अंतरावर ढालीवर आणि खांद्याच्या हाडावर आदळून आत पोहोचण्याआधीच फुटण्याची भीती असते. पूर्ण आवरणाची, टोक न फुलणारी गोळी तर दोन्ही बोअरमध्ये आपल्या कामाची नाही, कारण ती जनावराला सुईसारखी भोसकून पुढे निघून जाते.

दादाने या वर्षी मचाण बारा फुटांचे केले आहे आणि ते हरभऱ्याच्या गावाकडच्या धुऱ्यावर हलवले आहे, म्हणजे नळीचे तोंड नेहमी नाल्याकडे राहील. समोरचा दहा पावलांचा पट्टा त्याने न पेरता नांगरून तसाच ठेवला आहे. तेवढ्या पट्ट्यात दोन-तीन पायल्या हरभरा झाला असता, पण जागलीचे काका आता मचाणावर चढण्याआधी रोज त्या पट्ट्यातून एक फेरी मारतात आणि घट्ट झालेली माती कुदळीने पुन्हा मोकळी करतात.